नाव विकण्याआधी, ते किती जणांनी विकले आहे ते पाहा

महोदय,

एखाद्या स्टेडियमला कंपनीचे नाव मिळाले की बातमीत दोनच गोष्टी ठळक येतात: करोडोंचा आकडा आणि जुन्या नावासाठी हळहळणारे प्रेक्षक. काही वर्षांनी तेच नाव एखाद्या मोठ्या स्पर्धेसाठी कापडाखाली जाते, कंपनी बुडते, किंवा मैदानाचा प्रायोजक आणि स्पर्धेचा प्रायोजक एकमेकांना नोटिसा धाडतात. मग बातमीचा सूर असतो, 'हे अचानक कसे झाले?' अचानक काहीच झालेले नसते. यांतले बहुतेक तंटे करारावर सह्या झाल्या त्याच दिवशी त्या कागदात दबा धरून बसलेले असतात, आणि थोडी काळजी घेतली असती तर ते दिसले असते. ते कुठे बसलेले असतात हे वाचकांना कळावे, म्हणून हे पत्र.

मुळात विकले काय जाते ते पाहू. सामना बघताना डोळ्यांसमोर जे जे येते त्याचे मालक वेगवेगळे असतात. इमारत आणि तिचे नाव मैदानाच्या मालकाचे, आणि हा मालक पुष्कळदा नगरपालिका किंवा सरकारी प्राधिकरण असतो. जर्सीची छाती आणि बाही संघाची. स्पर्धेचे नाव, बोधचिन्ह आणि चषक लीगचे किंवा महासंघाचे. मधल्या जाहिराती प्रक्षेपकाच्या. बूट, बॅट, चेहरा आणि सही खेळाडूची. शिवाय मैदान चालवायला घेणारी कंपनी निराळी आणि तिथल्या खाद्यपेयांचा ठेका निराळा. हे पाच-सहा विक्रेते आपापल्या गिऱ्हाइकाला एकच वचन देतात: 'इथे तुमच्या धंद्यातले दुसरे कोणी दिसणार नाही.' ते वचन त्यांच्यापैकी एकालाही एकट्याने पाळता येत नाही, कारण टीव्हीच्या चौकटीत बाकीच्यांचाही माल असतो.

१९९५ मध्ये डॅलस काउबॉइज या अमेरिकी फुटबॉल संघाचे मालक जेरी जोन्स यांनी ही फट उघडी करून दाखवली. लीगचा करार कोका-कोलाशी होता. जोन्स यांनी आपला संघ खेळतो त्या टेक्सास स्टेडियमच्या वतीने पेप्सीशी करार केला, पाठोपाठ नायकीशी. त्यांचा युक्तिवाद साधा होता: लीगकडे संघांची नावे आणि चिन्हे आहेत, मी इमारत विकतो आहे. लीगने सप्टेंबर १९९५ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला, जोन्स यांनी त्याहून मोठा उलटदावा केला आणि १९९६ च्या अखेरीस तडजोड होऊन दोन्ही दावे मागे घेतले गेले. तेव्हा लढले गेले ते 'संघ' आणि 'स्टेडियम' या दोन शब्दांच्या मधल्या जागेवर. म्हणूनच मसुदा लिहिणाऱ्याने 'मैदान', 'इमारत' आणि 'आवार' हे तीन शब्द आपापल्या व्याख्येसह वेगळे लिहायला हवेत. मैदान म्हणजे खेळाची जागा आणि कॅमेऱ्यात सतत येणारा भोवतालचा पट्टा. इमारत म्हणजे भिंतींच्या आतले सारे, व्हीआयपी कक्षांपासून स्वच्छतागृहांपर्यंत. आवार म्हणजे पार्किंग, प्रवेशद्वारे, तिकीट खिडक्या. सोबत नकाशा जोडून त्यावर तीन रंगांनी हद्दी आखलेल्या बऱ्या. नकाशा नसलेल्या करारात पहिले भांडण हमखास पार्किंगमधल्या एखाद्या फलकावरून होते.

सर्वांत जास्त गाजणारा वाद 'कोरे मैदान' या अटीचा. ऑलिम्पिक, फिफा किंवा युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाच्या स्पर्धेला मैदान द्यायचे तर ते जुन्या सगळ्या जाहिरातींपासून मोकळे करून द्यावे लागते, नावासकट. २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये व्हँकुव्हरचे जनरल मोटर्स प्लेस 'कॅनडा हॉकी प्लेस' झाले. लंडनचे ओटू अरेना २०१२ मध्ये 'नॉर्थ ग्रिनिच अरेना' झाले. म्युनिकच्या अलियान्झ अरेनाला युएफाच्या स्पर्धांमध्ये 'फुटबॉल अरेना म्युनिक' म्हणतात. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी मेटलाइफचे 'न्यू यॉर्क न्यू जर्सी स्टेडियम', एटी अँड टीचे 'डॅलस स्टेडियम' आणि मर्सिडीज-बेंझचे 'अटलांटा स्टेडियम' करण्यात आले. नाव विकत घेणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा: जगाचे डोळे ज्या दिवसांत त्या इमारतीकडे लागतात, नेमके तेच दिवस त्याच्या हातून जातात. हे त्याला आधी सांगितलेले असेल तर तो त्या हिशेबाने कमी बोली लावतो. सांगितलेले नसेल तर तो वकील लावतो.

झाकणे म्हणजे कापड टाकणे, असा समज आहे. दर्शनी भिंतीवरची अक्षरे माणसाहून उंच असतात. त्यांवर सलग कापड ताणले तर ते शिडासारखे वारा धरते आणि सगळा ताण कड्यांवर आणि बोल्टांवर येतो, म्हणून जाळीचे कापड वापरावे लागते. जाळीतून रात्री आतले दिवे दिसतात, म्हणून अक्षरांची वीज वेगळ्या स्विचवर असावी लागते. ती आवारातल्या इतर दिव्यांशी जोडलेली निघाली की ऐनवेळी वायरिंग बदलावे लागते. अक्षरे उतरवायची ठरली तर क्रेन दोनदा आणावी लागते आणि बोल्टांची भोके पाणी शिरू नये म्हणून बुजवावी लागतात. मग बारीकसारीक गोष्टी सुरू होतात: खुर्च्यांच्या पाठी, जिन्यांच्या पायऱ्या, दिशादर्शक पाट्या, शीतपेयांचे फ्रीज, कार्ड स्वाइप करायची यंत्रे, हात वाळवायच्या यंत्रावरचे निर्मात्याचे नाव, लिफ्टमधली पितळी पट्टी, पडदा सुरू होताना त्यावर उमटणारे कंपनीचे चिन्ह. काचेवर लावलेली चिकट फिल्म आठवडेच्या आठवडे उन्हात राहिली की निघताना गोंद मागे ठेवते, आणि तो घासून काढणाऱ्याची मजुरी कोणी द्यायची यावरही पत्रव्यवहार होतो.

म्हणून करारात 'स्पर्धेच्या काळात नाव झाकले जाईल' एवढे एक वाक्य पुरत नाही. किती दिवस? सामने दहा दिवसांचे असले तरी पाहणी, सराव आणि उभारणी यांसाठी आयोजक मैदान कितीतरी आधी ताब्यात घेतो आणि सामान हलवेपर्यंत ते सोडत नाही. कोणाच्या खर्चाने? रस्त्यावरच्या पाट्या आणि स्थानकांची नावे वेगळ्याच खात्याकडे असतात, त्यांना कोण लिहिणार? आणि गेलेल्या दिवसांची भरपाई कशी मोजणार? ३६५ दिवसांत तीस दिवस गेले म्हणून त्याच प्रमाणात रक्कम कापावी, हा हिशेब आमच्या मते चुकीचा आहे. त्या तीस दिवसांचे मोल रिकाम्या मैदानाच्या तीस दिवसांएवढे नसते. वर्षाकाठी किती दिवस कोरे मैदान द्यावे लागेल हे सुरुवातीलाच लिहावे, त्यापलीकडच्या प्रत्येक दिवसाला ठरलेला दर लावावा किंवा कराराची मुदत तेवढी वाढवावी. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये काही ठिकाणांची व्यापारी नावे ठेवण्याची प्रथमच मुभा जाहीर झाली, ॲनाहाइमचे होंडा सेंटर त्यांपैकीच. तरी खेळाच्या जागेत जाहिरातीला बंदी कायम आहे. एका नव्या सवलतीच्या भरवशावर कोणी कोऱ्या मैदानाचे कलम गाळू नये.

दुसरा मोठा घोळ वर्गवारीचा. 'शीतपेय' या शब्दात बाटलीबंद पाणी येते का? खेळाडूंचे ऊर्जापेय? थंड कॉफी? 'बँक' म्हटले की कार्ड कंपनी त्यात धरायची की नाही, आणि मोबाइलवरून पैसे पाठवणारी कंपनी? २००२-०३ मध्ये आयसीसी आणि भारतीय क्रिकेटपटू यांच्यात जो ताण झाला तो याच जातीचा होता. स्पर्धेच्या प्रायोजकांत एलजी आणि साउथ आफ्रिकन एअरवेज. खेळाडूंचे वैयक्तिक करार प्रतिस्पर्धी कंपन्यांशी. संघाची प्रायोजक सहारा, आणि सहारा समूहाची स्वतःची विमानसेवा. जर्सीवर लिहिलेले नाव विमान कंपनीचे की समूहाचे, हा प्रश्न कोणी शब्दच्छल म्हणून सोडून देऊ शकत नाही. त्यावर पैसे अडतात. आयसीसीने त्या वादात भारतीय मंडळाची देय रक्कम अडवून धरली होती.

नावच बदलले तर काय, हा त्याच्या पुढचा अडथळा. अमेरिकेतल्या नॅसकार मोटार शर्यतींची मुख्य प्रायोजक नेक्सटेल झाली तेव्हा इतर मोबाइल कंपन्यांना दारे बंद झाली, पण आधीपासून एका मोटारीवर असलेल्या सिंग्युलरला राहू दिले. पुढे सिंग्युलरचे नाव बदलून एटी अँड टी झाले. मोटारीवर नवे नाव रंगवू द्यायचे का? २००७ मध्ये खालच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने मनाई हुकूम दिला, अपील न्यायालयाने तो उठवला, शेवटी २००८ च्या अखेरपर्यंत मुभा अशी तडजोड झाली. विलीनीकरण, नामांतर आणि उपकंपनी हे तीन शब्द करारात नव्हते किंवा धूसर होते, की काय होते त्याचा हा नमुना. वर्गवारी लिहिताना आमचा आग्रह असतो की 'काय येते' याच्या यादीएवढीच मोठी 'काय येत नाही' याची यादी असावी, आणि समूहातल्या इतर कंपन्यांचे काय ते एका वेगळ्या ओळीत लिहावे. जुन्या चालू करारांची यादी मुदतीच्या तारखांसह परिशिष्टात जोडावी. 'विद्यमान करारांना बाध न येता' हे वाक्य वाचायला गोड असते, पण विद्यमान म्हणजे कोणते हे त्यातून कळत नाही.

अनन्य हक्कांची हद्द कुठे संपते, यावर आमचे मत स्पष्ट आहे: ती मैदानाच्या फाटकापाशी आणि प्रेक्षकाच्या अंगावरच्या कपड्यापाशी संपली पाहिजे. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात स्टुटगार्टला नेदरलँड्सचे पाठीराखे बव्हेरिया या बिअर कंपनीने दिलेल्या, सिंहाचे शेपूट लावलेल्या नारिंगी विजारी घालून आले. अधिकृत बिअर बडवायझर होती. विजारी दारातच उतरवायला लावल्या आणि माणसांनी अंतर्वस्त्रांत सामना पाहिला. २०१० मध्ये जोहान्सबर्गला ३६ स्त्रियांना नारिंगी पोशाखांवरून बाहेर काढले, दोघींना अटक झाली, नंतर आरोप मागे घेतले गेले. दोन्ही वेळा बव्हेरियाला जी प्रसिद्धी मिळाली ती तिला पैसे मोजून मिळाली नसती, आणि अधिकृत प्रायोजकाच्या नावाला कडवटपणा चिकटला. तिकिटामागच्या बारीक अक्षरांतल्या अटी संघटित जाहिरातबाजी रोखण्यापुरत्या वापराव्यात, माणसाला अवमानित करण्यासाठी नाही.

फाटकाबाहेर तर न्यायालयेही सहसा साथ देत नाहीत. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकात अधिकृत पेय कोका-कोला होते आणि पेप्सीने 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत सगळी मजा लुटली. कॅनडात आइस हॉकी लीगने पेप्सीच्या बक्षीस योजनेविरुद्ध दावा लावला. १९९२ मध्ये लीग हरली. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वचषकाच्या तिकिटांचे आमिष दाखवणाऱ्या एका विक्रेत्याविरुद्ध आयसीसीला मनाई हुकूम नाकारला. स्पर्धेचे बोधचिन्ह किंवा नोंदणीकृत नाव कोणी उचलले तर दावा भक्कम असतो. नुसता आशय सुचवला तर तो डळमळतो. म्हणून प्रायोजकाला विकताना 'तुमच्याशिवाय कोणी दिसणार नाही' असे न लिहिता 'आम्ही दुसऱ्या कोणाला हक्क देणार नाही' असे लिहावे. पहिले वचन विक्रेत्याच्या हाती नाही, दुसरे आहे. त्याचबरोबर प्रक्षेपणातल्या जाहिरातींची पहिली विचारणा अधिकृत प्रायोजकाकडे व्हावी, हे कलम प्रक्षेपकाच्या करारात घालावे. प्रतिस्पर्धी शिरतो तो बहुतेक वेळा तिथून.

खेळाडूंबद्दल थोडक्यात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये नायकीशी करार असलेल्या बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनने व्यासपीठावर जाताना गणवेशावरचे रीबॉकचे चिन्ह राष्ट्रध्वजाने झाकले. २०२१ मध्ये युरो चषकाच्या पत्रकार परिषदेत रोनाल्डोने समोरच्या कोका-कोलाच्या बाटल्या बाजूला सरकवल्या. ज्याची उपस्थिती विकली जाते त्याची संमती आधी घेतलेली नसेल तर असे होणारच. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने २०१९ मध्ये ऑलिम्पिक खेळाडूंच्या वैयक्तिक जाहिरातींवरचे निर्बंध सैल करायला लावले, ते आम्हाला योग्य वाटते. चार वर्षांतून एकदा ज्याच्याकडे जग पाहते, त्याला त्याच आठवड्यांत स्वतःच्या प्रायोजकाचे आभार मानता येऊ नयेत, हा अन्याय आहे.

यजमान देशाचा कायदा हाही एक पक्ष असतो, तो सही करत नाही एवढेच. कतारमध्ये २०२२ चा विश्वचषक सुरू व्हायला दोन दिवस असताना स्टेडियमच्या आवारातली बिअरविक्री बंद झाली आणि बडवायझरच्या हातात नाव राहिले, गिऱ्हाईक गेले. कायदा बदलला किंवा परवाना नाकारला तर किती टक्के रक्कम परत, हे आकड्यात लिहिलेले असावे.

आता बुडालेल्या कंपन्या. ह्यूस्टनच्या बेसबॉल मैदानाला एन्रॉनने ३० वर्षांसाठी १० कोटी डॉलर देऊ केले होते. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि संघाला भिंतीवरचे ते नाव उतरवण्यासाठी २००२ मध्ये स्वतःच्या खिशातून २१ लाख डॉलर मोजावे लागले. पीएसआयनेट या इंटरनेट कंपनीचे नाव लागलेल्या बाल्टिमोरच्या स्टेडियमचीही कथा तशीच. वाचकाला आश्चर्य वाटेल की बुडालेल्या कंपनीला आपण पैसे का द्यायचे. कारण असे: दिवाळखोरीत नामकरणाचा करार ही कंपनीची मालमत्ता ठरते. अमेरिकी कायद्यात 'दिवाळे निघाले की करार आपोआप रद्द' हे कलम सहसा चालत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. मायामीच्या बास्केटबॉल सभागृहाला २०२१ मध्ये एफटीएक्स या आभासी चलनाच्या कंपनीचे नाव लागले, १९ वर्षांसाठी साडेतेरा कोटी डॉलर. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळली. मालक असलेल्या काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, करार संपवायचे जाहीर करूनही न्यायालयाचा आदेश यायला जानेवारी उजाडला आणि तोवर हजारो लोकांची ठेव बुडवणाऱ्या कंपनीचे नाव दारावर राहिले. एप्रिल २०२३ मध्ये तिथे कासेया सेंटर आले.

यावर उपाय कंटाळवाणे आहेत, पण ते चालतात. हप्ता हंगामाआधी घ्यावा, नंतर नाही. किमान एका वर्षाच्या रकमेएवढी बँक हमी असावी, आणि ती दरवर्षी नव्याने द्यायची अट असावी. हप्ता चुकल्यास करार संपवण्याचा हक्क दिवाळखोरीशी न जोडता नुसत्या थकबाकीशी जोडावा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज पडण्याआधीच तो वापरता येतो. नाव उतरवणे, नवे लावणे, पाट्या, तिकिटे, कर्मचाऱ्यांचे गणवेश, संकेतस्थळ हा सारा खर्च जाणाऱ्याकडून, आणि तोही अनामत ठेवलेल्या रकमेतून. जो बुडाला त्याच्याकडून वसुली होत नसते. आणि एवढ्यात जन्मलेल्या कंपनीची एकोणीस वर्षांची बोली ही एकोणीस वर्षांची रक्कम नाही, हे मालकाने समजून घ्यावे. पहिल्या दोन हप्त्यांपलीकडचे सारे ताळेबंद पाहून तोलावे.

मुदत संपतानाही कज्जे होतात. मास्टरकार्डकडे पुढच्या विश्वचषकांच्या प्रायोजकत्वाचा पहिला हक्क होता. फिफाने तो डावलून व्हिसाशी करार केला. न्यू यॉर्कच्या न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये फिफाला दोषी धरले, आणि जून २००७ च्या तडजोडीत फिफाने मास्टरकार्डला ९ कोटी डॉलर दिले. 'पहिल्या बोलणीचा हक्क' आणि 'आलेली बोली जुळवण्याचा हक्क' या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात ठरलेले दिवस फक्त जुन्या प्रायोजकाशी बोलायचे आणि न जमल्यास मोकळे व्हायचे. दुसऱ्यात बाहेरच्याची बोली आणून जुन्याला दाखवायची, आणि त्याने जुळवली तर बाहेरचा परत जातो. दुसरा हक्क दिला की बाहेरचे लोक बोली लावायला कचरतात, कारण मेहनत त्यांची आणि फळ दुसऱ्याचे. सार्वजनिक मालकाने तो शक्यतो देऊ नये.

राहिले लोकांचे नाव. सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर आधी थ्रीकॉम आणि मग मॉन्स्टर असे लागले. नोव्हेंबर २००४ मध्ये मतदारांनी कौल दिला की चालू करार संपला की जुने नाव परत. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कचे २०११ मध्ये 'स्पोर्ट्स डायरेक्ट अरेना' केले, पाठीराखे संतापले, आणि २०१२ मध्ये वोंगा या कर्ज देणाऱ्या कंपनीने नामकरणाचे हक्क घेऊन जुनेच नाव परत लावले. डेन्व्हरमध्ये २००१ साली नव्या मैदानाला इन्व्हेस्कोचे नाव मिळाले, तेव्हा डेन्व्हर पोस्ट या वृत्तपत्राने सुरुवातीला ते छापायचेच नाकारून 'माइल हाय' हे जुनेच नाव लिहिले. नामकरणाचा करार वृत्तपत्राला बांधत नाही, कारण त्यावर वृत्तपत्राची सही नसते.

तेव्हा आपल्याला विनंती अशी. सार्वजनिक मालकीच्या मैदानाचे नाव विकल्याची बातमी हाती येईल तेव्हा एकूण आकड्याच्या शेजारी पहिल्या वर्षाचा हप्ता छापावा. बँक हमी किती रकमेची आहे ते विचारावे. वर्षात किती दिवस नाव झाकले जाणार, झाकण्याचा खर्च कोणाचा, आणि परिशिष्टात जुने करार कोणते आहेत हे विचारावे. मालकाने परिशिष्ट दाखवायला नकार दिला तर तो नकारही छापावा. आणि क्रीडापानावर पहिल्या उल्लेखात गावाचे व जुने नाव द्यावे, कंपनीचे नाव बातमीत एकदा आले तरी पुरे.

आपले,
क्रीडा प्रायोजकत्वाचे करार तपासणारे काही वाचक